आळसाचा ठपका

मराठी घरात वाढणाऱ्या मुलावर तेराव्या-चौदाव्या वर्षी जो पहिला गंभीर आरोप येतो, तो बहुधा आळसाचा असतो. त्यापूर्वी मूल हट्टी असते, खोडकर असते, फार तर वेंधळे असते. पण हे सारे दोष बालपणाच्या खाती जमा होतात आणि वयाबरोबर ते फिटतील असे सर्वांनी धरलेलेच असते. आळसाचे तसे नाही. आळस हा स्वभावाचा दोष समजला जातो. सकाळी तीन-तीनदा हाका मारूनही न उठणारा, शाळेतून येताच दप्तरासकट पलंगावर कोसळणारा, रविवारी अकरापर्यंत अंथरूण न सोडणारा मुलगा ‘हाताबाहेर चालला’ असा निष्कर्ष घरातील वडीलधारी मंडळी काढतात आणि तो मुलाला ऐकवतातही. मुलगी असेल तर तिच्या सासरचा उद्धारही आगाऊ होऊन जातो.

हा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला जातो, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर वैद्यकाचा दिसतो. आमच्या मते तो मुख्यतः नीतीचा आहे. कारण शरीराच्या एखाद्या अवस्थेला चारित्र्याचा दोष ठरवणे हा अन्याय होय. आणि हा अन्याय बहुतेक घरांत रोज सकाळी, अगदी मायेपोटी, घडत असतो.

पहाटे उठण्याचे माहात्म्य आपल्याकडे फार जुने. ब्राह्ममुहूर्ताची थोरवी धर्मशास्त्राने सांगितली, आयुर्वेदाने सांगितली. विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितात श्वाननिद्रेची गणना आहे आणि शाळेच्या भिंतींवर ते आजही रंगवलेले आढळते. कुत्र्याची झोप सावध असते हे खरे. पण तो प्राणी दिवसाकाठी माणसापेक्षा कितीतरी अधिक वेळ झोपतो, हे सुभाषितकाराच्या ध्यानी आले नसावे. असो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या वाड्यांत पहाटे साडेचार-पाचला जाग असे, भूपाळ्या कानांवर पडत, आणि त्या वेळी अंथरुणात असणे हे कमीपणाचे वाटे. आमच्या पिढीतील पुष्कळांच्या अंगवळणी ती शिस्त पडली आणि तिचा त्यांना लाभही झाला. मात्र त्या शिस्तीचा पूर्वार्ध आपण सांगायचे विसरतो. दिवेलागण झाली की परवचा, मग जेवणे, आणि नऊच्या सुमारास सारी निजानीज. दिवा जाळायचा म्हणजे तेल जाळायचे; वीज आली तरी ती जपून वापरायची. पहाटे उठणे हा त्या दिनक्रमाचा उत्तरार्ध होता. पूर्वार्ध कधीच गळून गेला. उत्तरार्ध तेवढा नीतिनियम म्हणून उरला आणि तो घरातील सर्वांत लहान, सर्वांत कमी आवाज असलेल्या माणसांना लागू झाला.

आज त्याच घरांत दूरदर्शनसंच अकरापर्यंत चालू असतो, कामावरून येणारे वडील नऊला येतात, जेवणे साडेनऊ-दहाला होतात. आमच्या इंदुरात तर सराफ्यातली दागिन्यांची दुकाने मिटल्यावर तिथली खाण्याची बाजारपेठ जागी होते आणि रात्री साडेअकराला मुलाबाळांसह तेथे जाण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. (वाटावे असे आमचेही म्हणणे नाही, भुट्ट्याचा कीस आम्हांलाही प्रिय आहे.) मग त्या मुलाने सकाळी पावणेसहाला कोणत्या बळावर उठावे?

भाषेतला भेदभावही पाहण्याजोगा आहे. दुपारी जेवून आजोबा आडवे झाले तर ती वामकुक्षी. तिला संस्कृत नाव आहे, आरोग्याचे समर्थन आहे, आणि त्या वेळी घरात भांडे वाजवण्याची कोणाची प्राज्ञा नाही. नातू आडवा झाला तर तो लोळत पडलेला असतो. देहाची क्रिया एकच; एकीला शास्त्राचा आधार, दुसरीला ठपका.

आता देहाचे काय ते पाहू. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने झोपेची जी उपपत्ती मांडली ती आजही आधारभूत मानली जाते. तिच्यानुसार आपली झोप दोन गोष्टींच्या मेळाने ठरते. एक म्हणजे झोपेची ओढ. जितका वेळ जागावे तितकी ती साठत जाते आणि झोपले की उतरते. दुसरे म्हणजे शरीरातले घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी असते, उजेड-अंधारावर जुळत राहते आणि रात्र झाल्याचा संदेश मेलॅटोनिन या स्रावाच्या मार्फत शरीरभर पोचवते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकाडन यांनी १९९० च्या दशकात मुलांवर जे संशोधन केले, त्यात असे आढळले की वयात येताना या दोन्ही गोष्टी बदलतात. घड्याळ पुढे सरकते, म्हणजे मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. आणि झोपेची ओढही लहान मुलांपेक्षा सावकाश साठते. नऊला पेंगणारे दहा वर्षांचे मूल चौदाव्या वर्षी रात्री अकरा वाजता टक्क जागे असते, ते हट्टाने नव्हे. म्युनिकचे टिल रोएनबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की हे पुढे सरकणे साधारण विसाव्या वर्षापर्यंत चालते, मुलींमध्ये थोडे आधी थांबते, आणि तेथून घड्याळ हळूहळू मागे फिरू लागते. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांना पहाटे चारला आपोआप जाग येते ती या परतीच्या प्रवासामुळे. म्हणजे घरात उपदेश करणाऱ्याचे घड्याळ सर्वांत मागे आणि ऐकणाऱ्याचे सर्वांत पुढे. आपल्या वयाच्या धर्माला आपण सद्गुण समजतो आणि त्याच्या वयाच्या धर्माला दुर्गुण!

अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप सांगितली आहे. आता साधा हिशेब करू. अकराला झोप लागली आणि पावणेसहाला उठावे लागले, तर झोप झाली पावणेसात तास. आठ तासांचे किमान माप धरले तरी रोज सव्वा तासाची तूट. शाळेच्या सहा दिवसांत ती साडेसात तासांवर जाते, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खी रात्र. रविवारी अकरापर्यंत झोपणारा मुलगा हे कर्ज अंशतः फेडत असतो. दुर्दैवाने त्या फेडीने घड्याळ आणखी पुढे जाते आणि सोमवारची सकाळ अधिकच जड होते. रोएनबर्ग यांनी २००६ मध्ये या अवस्थेला ‘सामाजिक जेट लॅग’ असे नाव दिले. परदेशातील लेकाकडून परतलेली मंडळी आठवडाभर दुपारी पेंगतात आणि त्यांचे कौतुक होते. शाळकरी मुलाचा तोच प्रवास दर आठवड्याला घडतो आणि त्याला विमानही पाहायला मिळत नाही.

यात आपल्या गावांची एक स्वतंत्र अडचण आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्याची वेळ घड्याळापेक्षा इंदुरात सुमारे २७ मिनिटे मागे असते, बेळगावात ३२, पणजीत ३५ आणि बडोद्यात ३७. ग्वाल्हेर व हैदराबादकरांना १६-१७ मिनिटांचाच भुर्दंड. मुंबई शहर आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ प्रमाणवेळ आल्यावरही अनेक वर्षे धरून बसले होते. त्या हट्टाची टिंगल पुष्कळ झाली, पण त्यामागे सूर्य होता हे नाकारता येत नाही. बडोद्यात साडेसातला भरणारी शाळा सूर्याच्या मानाने सात वाजायच्याही आधी भरते. इंदुरात जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो. सव्वासहाला बसच्या थांब्यावर उभी असलेली मुले वस्तुतः रात्रीतच उभी असतात. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील माहितीवरून असे दाखवले आहे की सूर्यास्त घड्याळात जितका उशिरा, तितकी मुले उशिरा झोपतात. पण शाळेची वेळ मात्र तीच राहते, त्यामुळे झोप कमी पडते आणि शिक्षणावरही परिणाम होतो. मूल पश्चिमेला जन्मले हा काही त्याचा आळस नव्हे.

येथे कोणी म्हणेल, हे सारे खरे असेल, पण खरा चोर मोबाइल आहे. आम्ही मोबाइलची वकिली करणार नाही. डोळ्यांजवळचा उजेड घड्याळाला आणखी पुढे ढकलतो, आणि उजेडापेक्षाही त्यातली न संपणारी करमणूक जागरण घडवते. रात्री दहानंतर तो यंत्रराज मुलांच्या खोलीबाहेर राहावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. कार्सकाडन यांचे ते निष्कर्ष आले तेव्हा मुलांच्या हाती मोबाइल नव्हते. आणि दुसरी गोष्ट अशी की मुलाचा मोबाइल काढून घेणारे हात स्वतःचा मोबाइल उशाशी ठेवून झोपतात. मुलांना उपदेश ऐकू येत नसेल. हे मात्र दिसते.

झोप पुरेशी असूनही थकवा जात नाही, अशीही मुले असतात. तेथे आळसाचा ठपका अधिकच घातक ठरतो, कारण तो वैद्याकडे जाण्याची वाट अडवतो. आमच्या परिचयातील एका घरात नववीतली मुलगी वर्षभर ‘आळशी’ म्हणून बोलणी खात होती. जिना चढताना ती मध्येच थांबे, आणि त्यावरूनही थट्टा होई. अखेर शाळेतल्या एका बाईंनी आग्रह धरला म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन सातावर आलेले. हे अपवादाचे उदाहरण नव्हे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयी आढळले. दर पाच मुलींत तिघींच्या जवळपास! शाळांतून आठवड्याला लोहाची गोळी देण्याची योजना २०१३ पासून आहे. पण पोट बिघडते म्हणून, किंवा सरकारी गोळी म्हणून, सुखवस्तू घरांत ती टाकून दिली जाते. थायरॉइडची मंदता, शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, आणि मनाची उदासी ही कारणेही थकव्याच्या रूपानेच समोर येतात. चौदा-पंधरा वर्षांचे मूल ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणते. ‘कंटाळा आलाय’ म्हणते, आणि आपण तो शब्द जसाच्या तसा घेतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ज्या घरात मुलगा शाळेसाठी पावणेसहाला उठतो, त्या घरातली मुलगी पुष्कळदा सव्वापाचला उठलेली असते, डबे भरू लागायला. रात्री भांडी आवरून झोपणारीही तीच. तिच्या आळसाची चर्चा मात्र भावाच्या आधी होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झोप ही श्रमाची मजुरी आहे की अन्नासारखी गरज? आपल्या घरांतली भाषा ऐकली तर ती मजुरी आहे असेच वाटते. ‘धडा संपव, मग झोप.’ ‘एवढे मार्क पडले, आता सुटीत हवे तेवढे झोप.’ आधी काम, मग विश्रांती. ज्याने काम केले नाही त्याला विश्रांतीचा अधिकार नाही. या कल्पनेचा सर्वांत भव्य नायक पुराणातला मुचुकुंद. देवांसाठी तो युगानुयुगे असुरांशी लढला आणि वर मागायची वेळ आली तेव्हा त्याने झोप मागितली. ती त्याला मिळाली, आणि जो कोणी ती मोडील तो भस्म होईल असे संरक्षणही मिळाले. पुढे श्रीकृष्णाने कालयवनाला त्याच गुहेत नेले आणि कालयवन जळून गेला, ही कथा वाचकांना ठाऊक आहेच. मुचुकुंदाने झोप कमावली होती यात वाद नाही. पण कमाई हीच अट धरली तर आजाऱ्याने, तान्ह्या मुलाने आणि वृद्धाने काय करावे? त्यांना आपण अट घालत नाही. मजुरी मागण्याइतका मोठा आणि हक्क सांगण्याइतका लहान, अशा मधल्या वयातच तेवढे मूल सापडते.

चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. निद्रेची जोडी त्याने आहाराशी लावली आहे, वेतनाशी नाही. रात्रीच्या स्वाभाविक निद्रेला तो भूतधात्री म्हणतो, म्हणजे प्राणिमात्राचे पोषण करणारी दाई. धडा पाठ झाला नाही म्हणून मुलाला उपाशी ठेवणाऱ्या आईबापांना आज आपण क्रूर म्हणू. त्याच कारणासाठी त्याला जागे ठेवणाऱ्यांना मात्र आपण जागरूक पालक म्हणतो.

आमच्या पूर्वायुष्यातील व्यवसायामुळे आम्हांस येथे कायद्याची आठवण होते. जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानात झोपलेल्या जमावावर मध्यरात्री पोलीस कारवाई झाली. त्या प्रकरणात २३ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात झोपेला घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानले. त्याआधी १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा स्वीकारला होता. त्याच्या एकतिसाव्या कलमात मुलाच्या विश्रांतीचा हक्क आहे. याहून बोलकी एक जुनी तरतूद. १९८६ च्या बालकामगार कायद्यात, त्याच्या मूळ रूपात, ज्या कामांवर बंदी नव्हती तेथेही चौदा वर्षांखालील मुलाला संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत कामाला लावता येत नसे, आणि मधली विश्रांती व थांबण्याचा वेळ धरून त्याचा कामाचा दिवस सहा तासांपलीकडे जाऊ शकत नसे. चहाच्या टपरीवरील मुलासाठी हे नियम कितपत पाळले गेले हा प्रश्न वेगळा. पण तत्त्व कायद्याने मान्य केले होते. त्याच वयाचा विद्यार्थी सव्वासहाला घराबाहेर पडतो, दोनला परततो, चारला शिकवणीला जातो, आठला येतो आणि अकरापर्यंत गृहपाठ करतो. त्याच्यासाठी असा निरीक्षक कोणी नेमलेला नाही. शिक्षण हे श्रम नव्हेत, असे उत्तर मिळेल. शरीराला हा फरक कळत नाही.

याहून अवघड प्रश्न संमतीचा आहे. अकरावी-बारावीतली पुष्कळ मुले स्वतःहून जागतात. इंदुरात भंवरकुआँच्या बाजूला रात्री दहाला चक्कर मारावी. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करणारी मुले पाठीवर पिशव्या घेऊन घोळक्याने चाललेली दिसतात. त्यांना कोणी दोरीने बांधून आणलेले नाही. विचारले तर ‘मीच ठरवलंय’ म्हणतील आणि ते खोटेही नसेल. मग आपण कोण आड येणारे? आमचे उत्तर असे की ज्या शर्यतीत न जागणारा मागे पडतो, त्या शर्यतीत जागण्याला दिलेली संमती ही पूर्ण संमती नव्हे. प्रत्येकाने दोन तास झोप कमी केली तर क्रमांक कोणाचाच बदलत नाही, झोप मात्र सर्वांची जाते. शिवाय ती जागरणे ज्यासाठी असतात तेच त्यांनी बिघडते, कारण दिवसा शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे मोठे काम झोपेत होते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत, ते फार पहाटे वा फार रात्री नसावेत, असे त्यांत म्हटले आहे. सूचना चांगल्या आहेत. सूचना आणि अंमल यांमधले अंतर किती असते हे ज्यांनी सरकारी फायली हाताळल्या आहेत त्यांना सांगायला नको.

शाळेची वेळ बदलावी, असा प्रस्ताव आला की फाइलीवर कोणते शेरे येतील हेही आम्ही न पाहता सांगू शकतो. बसगाड्या दोन फेऱ्या करतात. त्या बसणार नाहीत. दुपारच्या सत्राला वर्गखोल्या मोकळ्या हव्यात. नऊला रस्त्यांवर कार्यालयांची गर्दी असते. आईवडिलांना कामावर जायचे असते. उन्हाळ्यात दुपार सोसत नाही. यातला एकही आक्षेप खोटा नाही, आणि माळव्यातला एप्रिल ज्याने अनुभवला आहे तो शेवटचा आक्षेप तर हसण्यावारी नेणार नाही. परंतु या साऱ्या अडचणी मोठ्यांच्या आहेत आणि त्यांचा भार मुलांच्या झोपेवर टाकलेला आहे, एवढे तरी टिप्पणीत नमूद व्हावे. आणखी एक शेरा हमखास येतो: शाळा उशिरा भरली तर मुले आणखी उशिरा झोपतील. त्याची मात्र परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात २०१६ पासून माध्यमिक शाळा सात-पन्नासऐवजी आठ-पंचेचाळीसला भरू लागल्या. मनगटी यंत्रांनी मोजले तेव्हा मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला आणि २०२२ पासून तेथील बहुतेक माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरत नाहीत.

आपल्या मुलुखातही हालचाल झाली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन राज्यपालांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननिर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. निर्णय मायेचा आहे, आणि तो झाला हे बरेच झाले. पण त्यातली विसंगती लक्षात घ्यावी. सहा-सात वर्षांची मुले लवकर झोपतात आणि लवकर उठतात. त्यांचे घड्याळ पहाटेशी फारसे भांडत नाही. ज्यांचे भांडते ती आठवी ते बारावीची मुले जिथल्या तिथे राहिली. पेंगणारे लहान मूल पाहून सर्वांना कणव येते. पेंगणाऱ्या, मिसरूड फुटलेल्या मुलाची कोणाला येत नाही. आपली करुणाही चेहरा पाहून वाटली जाते की काय, अशी शंका येते.

शासन केव्हा काय करील ते करो. घर तर आपले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचे एक उपपर्व आहे. धृतराष्ट्राला रात्री झोप येत नाही म्हणून तो विदुराला बोलावतो, आणि विदुरनीती म्हणून आपण जी ओळखतो ती त्या जागरणातून जन्मते. विदुर आरंभी काय करतो? तो विचारतो. झोप कोणाकोणाला सोडून जाते ते सांगतो, बलवानाच्या भयाखाली असलेल्याला, सर्वस्व गमावलेल्याला, मन भलतीकडे गुंतलेल्याला. आणि यांपैकी तुम्हांला तर काही झालेले नाही ना, अशी पृच्छा करतो. राजा दोषी होता, विदुराला ते ठाऊक होते, तरी सुरुवात प्रश्नाने झाली. आपल्या घरातल्या पंधरा वर्षांच्या जागणाऱ्या मुलाला असा प्रश्न कोणी विचारतो का? वर्गात कोणाची भीती वाटते का, परीक्षेची धास्ती आहे का, कोणी काही बोलले का? रात्री दिवा दिसला की आपण दाराबाहेरून ‘अजून जागाच?’ म्हणतो, आणि तो दिवा मालवतो. पण अंधारातही तो जागाच असतो.

घरात करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या फुकट आहेत. जेवणाची वेळ तासभर आधी आणावी. दहानंतर मोठे दिवे आणि दूरदर्शनसंच बंद व्हावा, सर्वांसाठी. दुपारी शाळेतून आलेल्या मुलाला अर्धा तास निजू द्यावे आणि तिला वामकुक्षी म्हणावे. महिना-दोन महिने थकवा टिकला तर उपदेशाआधी रक्त तपासावे. शिकवणी निवडताना शिक्षकाच्या कीर्तीबरोबर वर्ग किती वाजता सुटतो हेही विचारावे.

शाळांची वेळ अढळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या मध्यप्रदेशातला हिवाळा पाहावा. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की जिल्हाधिकारी एका पानाचा आदेश काढतात आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा उशिरा भरू लागतात. बसगाड्यांचे वेळापत्रक बदलते, दुपारचे सत्र सरकते, आईवडील आपापली सोय लावतात. जे वर्षभर अशक्य असते ते एका रात्रीत होते. त्या दिवसांत वर्ग अधिक शांत आणि मुले अधिक ताजी असतात, असे एक निवृत्त मुख्याध्यापक आम्हांस सांगत होते. त्यांनी त्याचे श्रेय थंडीला दिले. मग थंडी ओसरते, आदेशाची मुदत संपते, आणि बस पुन्हा सव्वासहाला कोपऱ्यावर येऊन उभी राहते.